पाणी येणारे डोळे कोरडे असू शकतात

ठाण्याला घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माझ्या ताईच्या डोळ्यांतून वर्षभर सारखे पाणी येत होते आणि रस्त्यावरच्या धुळीला दोष देत आम्ही दोघींनीही ते दुखणे अंगावर काढले. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात रंगाचा थेंब घालून, पापणी न मिटता अश्रूंचा थर किती वेळ टिकतो ते पाहिले. तो किमान 10 सेकंद टिकायला हवा; ताईचा 4 सेकंदांतच तुटला. निदान झाले कोरड्या डोळ्यांचे, आणि ते ऐकून ताईला खरेच वाटेना.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यात डोळ्याला धरून राहणारा चिकट अंश असतो आणि वर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणाऱ्या तेलाचा पातळ थर असतो. हे तेल कमी पडले की पाणी लगेच उडून जाते, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरीमुळेच पाण्याचा लोंढा येतो, जो टिकत मात्र नाही.

हा विकार किती जणांना असतो? 2017 सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालात वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे 5 ते 50 टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. कोणी फक्त तक्रारी विचारतात, कोणी डोळे तपासतात, म्हणून एवढी तफावत. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त आणि वयाबरोबर ते वाढते, यावर मात्र एकमत आहे. असे असूनही पाळी थांबण्याच्या वयातल्या बाईला डोळ्यांविषयी क्वचितच कोणी विचारते, याचे मला फार वाईट वाटते.

ताईचे वय 54, आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठी ती रोज जी गोळी घेते, तिनेही अश्रू कमी होतात. नैराश्यावरच्या काही औषधांचेही तसेच आहे. मधुमेह, थायरॉइड, आमवात, कॉन्टॅक्ट लेन्स, चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया यांनीही धोका वाढतो.

माझी गोष्ट वेगळी आहे. ऐरोलीच्या ऑफिसात एसीचा झोत थेट माझ्या तोंडावर येतो आणि समोर दिवसभर स्क्रीन असते. एरवी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा मिटणारी पापणी स्क्रीनपुढे निम्म्याहून कमी वेळा मिटते, तीही अनेकदा अर्धवटच. मी जागा बदलून मागितली आहे. ताई पुढच्या तपासणीला आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जाणार आहे.