उसाला बी धरतं, तरी आपण कांडीच का लावतो?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाला तुरा, म्हणजे फुलोरा, आला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि नव्या जाती घडवणारा पैदासकार मात्र नेमकी त्याच तुऱ्याची वर्षभर वाट बघत असतो. दोघांचंही बरोबर आहे. एकाच पिकाकडे पुनरुत्पादनाच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोघांना त्यातली वेगवेगळी हवी आहे.

मुळात हे दोन्ही मार्ग का, ते नदीकाठच्या कांसाकडे बघून चटकन कळतं. कांस हा उसाचा रानटी भाऊबंद. जमिनीखालच्या आडव्या खोडांनी तो मिळालेली जागा घट्ट धरून ठेवतो. तिथं जमलंय तर नवी फूट जुन्याच तब्येतीची असलेली परवडते, आणि तिला आईच्या साठ्यातून अन्नही मिळतं. पण त्या खोडांना पलीकडचा काठ गाठता येत नाही, म्हणून पांढरा तुरा. दाणे वाऱ्यावर उडतात आणि प्रत्येकात आईबापाच्या गुणांची वेगळी जुळणी असते. नव्या जागी किंवा नव्या रोगासमोर त्यातली एखादी टिकते.

ऊस हेच करतो. प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा, म्हणजे झोपलेला कोंब, त्याच्याभोवती मुळांच्या ठिपक्यांचा पट्टा. कांडी मातीत गेली की तोच ऊस पुन्हा. तुऱ्यातलं बी जेमतेम दीड मिलिमीटरचं, लवेत गुंडाळलेलं. ते शेतात पेरलं तर एक रोप जाड, दुसरं बोरूसारखं, तिसऱ्याला साखरच नाही. आजच्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रं असतात, तीही पूर्वीच्या संकरांतून आलेली. एवढा पत्त्यांचा कॅट पिसल्यावर तोच डाव परत येत नाही. म्हणून शेतात कांडी.

पण नुसत्या कांडीवर विसंबलं की काय होतं, ते जावा बेटाने १८८० च्या दशकात भोगलं. तिथं बहुतेक लागण काळ्या चेरीबोन या एकाच जातीची होती. सेरेह रोग आला आणि सगळे ऊस एकाच रक्ताचे असल्यामुळे सगळेच बळी पडले. उसाला रुजणारं बी येतं हे त्याच दशकात जावा आणि बार्बाडोसमध्ये पक्कं झालं. पुढे १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास संस्था उभी राहिली, कारण तिथं तुरा येतो आणि परागही जिवंत असतात; उत्तर भारतात हे नीट जमत नाही. जाड ऊस आणि कांस यांच्या संकरातून आलेली को २०५ ही जात तिथलीच, १९१८ ची. महाराष्ट्रात शिवारभर दिसणारी को ८६०३२ ही को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांची लेक. हजारो रोपांतून एक निवडायला दहा-बारा वर्षं जातात, आणि निवड झाली की बियाचं काम संपतं. तिथून पुढे फक्त डोळे.

शेतकऱ्याला तुरा नको, कारण तो शेंड्यातूनच येतो. दिवस साधारण साडेबारा तासांवर उतरला की, म्हणजे आपल्याकडे ऑगस्टअखेर-सप्टेंबरात, शेंडा पानांऐवजी फुलाच्या मागे लागतो. नवी कांडी पडणं बंद. साखर लगेच उतरत नाही, पण दीड-दोन महिन्यांत तोड झाली नाही तर दशी पडते (गाभा कोरडा, पोकळ होतो), बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात आणि वजन घटतं. फुटलेले डोळे बेण्यालाही, म्हणजे पुढच्या लागणीच्या कांड्यांनाही, कामाचे नाहीत.

डोळ्याची खोट वेगळी: तो आईचे रोगही जसेच्या तसे पुढे नेतो. गवताळ वाढ, चाबूक काणी, खोडव्याचा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचा) खुजेपणा हे सगळे रोग असेच; ते सगळं बेण्यातून येतं. म्हणून मूलभूत, म्हणजे पहिल्या पायरीच्या, बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास ठेवतात, मग पायाभूत आणि प्रमाणित अशा पायऱ्या. तापमान वर सरकलं तर डोळेच शिजतात. मोझॅक रोगाचा विषाणू या उष्णतेला दाद देत नाही. तिथं शेंड्यातल्या कोवळ्या पेशींपासून केलेली ऊतिसंवर्धित रोपं लागतात.

बेणं ९ ते ११ महिन्यांचं, लागणीच्या उसाचं घ्यावं, खोडव्याचं नकोच. बुडख्याकडचे डोळे निबर असतात, शेंड्याकडचे लवकर उगवतात. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या (उसाचे तुकडे) हेक्टरी २५ हजार लागतात. डोळे बाजूला येतील अशा ठेवाव्यात. डोळा खाली गेला की कोंब वळसा घेऊन उशिरा वर येतो. कापलेली तोंडं म्हणजे बुरशीला उघडं दार, म्हणून १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, त्यात टिपऱ्या १० ते १५ मिनिटं बुडवाव्यात. कोयता बोथट असला तर टिपरी चिरते आणि त्या चिरेतून अननस रोग शिरतो. आतून अननसासारखा वास येतो, डोळा उगवतच नाही.

बेणं ठरवण्याआधी चार ठिकाणचे ऊस उभे चिरून बघावेत. आत लाल गाभा, त्यात मध्येच आडवे पांढरे पट्टे आणि आंबूस वास असेल तर ती लाल कूज. असा एकच ऊस सापडला तरी त्या प्लॉटचं बेणं सोडून द्यावं, वरून कितीही पैलवान दिसत असलं तरी.