एका वाडग्याच्या कागदासाठी सात आठवडे

लिस्बनला राहून पोर्तुगीज हस्तकलेच्या वस्तू ऑनलाइन विकायला काय काय लागतं, असं ओळखीचे बरेच जण विचारतात. कर खात्याच्या पोर्टलवर व्यवसायाची नोंद एका दुपारी झाली. वर्षाची उलाढाल 15,000 युरोंच्या आत असेल तर व्हॅटमधून सूट मिळते, तीही मिळाली. लव्हाळ्याच्या पिशव्या दोन दिवसांत साइटवर चढल्या. अडलं ते मातीच्या वाडग्यांपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझी भांडी सांव पेद्रु दु कोर्वालची. आलेंतेझू प्रांतात रेगेंगुशजवळ हे कुंभारांचं गाव आहे, एकाच गावात वीसेक कारखाने. पिवळ्या-निळ्या फुलांचे खोलगट वाडगे तिथे हाताने रंगवतात. पाव, लसूण, कोथिंबीर आणि अंड्याची आसोर्दा त्यातच वाढतात.

ज्या ऑनलाइन बाजारात मी दुकान उघडलं, त्यांनी चौथ्या दिवशी सगळे वाडगे खाली उतरवले. कारण काय, तर ‘सुरक्षिततेची कागदपत्रं अपूर्ण’. अन्न वाढायच्या भांड्याच्या झिलईतून शिसं आणि कॅडमियम उतरत नाही हे दाखवावं लागतं, एवढं मला माहीत होतं. प्रयोगशाळेने एकेका प्रकारचे चार नग मागितले, ते दिले. 4 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल भांड्यात भरून 22 अंशांवर 24 तास ठेवतात आणि मग त्या द्रावात काय उतरलं ते मोजतात. खोलगट भांड्याला लिटरमागे शिसं 4 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 0.3 मिलिग्रॅम ही मर्यादा. आमचे आकडे तिच्या खूपच खाली आले. मी आनंदाने अहवाल पाठवला.

उत्तर तेच: ‘अपूर्ण’. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच वाक्य. फोनवर बोलणाऱ्या मुलीलाही नेमकं काय कमी आहे ते सांगता येईना. तिसऱ्यांदा मी स्वतःच्या सहीचं पत्र जोडलं, तेही परत. उन्हाळ्याचा हंगाम डोळ्यांदेखत चालला होता आणि घरात खोक्यांची रास तशीच पडून होती. रडू यायचं बाकी होतं.

शेवटी एका रात्री 84/500 हा युरोपीय निर्देशच उघडून बसले. उत्तर त्याच्या परिशिष्टात होतं. प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा आणि अनुरूपतेची घोषणा वेगळी. घोषणेत बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूची ओळख, तारीख आणि ती नियमात बसते हे विधान, एवढं हवं. माझ्या पत्रात बनवणारा म्हणून कुंभाराचं नावच नव्हतं. एका ओळीत सांगता आलं असतं, ते कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बस धरून गावाला गेले. तिथे कुंभाराला ‘मेश्त्र’ म्हणतात. आपला मेस्त्री हा शब्द त्यातूनच आला. मेश्त्रांनी चाक थांबवलं, हात धुतले, कागद दोनदा वाचला. “चाळीस वर्षं मी यातच जेवतोय,” म्हणाले आणि सही केली. त्या सहीनंतर तीन दिवसांत सगळे वाडगे साइटवर परत आले.

म्हणून सांगते, पहिल्या खरेदीच्या दिवशीच कुंभाराकडून घोषणा घ्या. ‘फक्त शोभेसाठी’ असा शिक्का मारून सुटका करून घ्या, असंही मला सुचवलं गेलं होतं. भिंतीवरच्या ताटांना तो चालेल. जेवायच्या वाडग्याला मी तो लावला नाही, याचं मला समाधान आहे.

हो, एक राहिलंच. 13 डिसेंबर 2024 पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे वस्तूच्या पानावर बनवणाऱ्याचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेल द्यावा लागतो. मेश्त्रांकडे ईमेल नव्हता, त्यांना विचारून मी काढून दिला. पिशव्या युरोपबाहेर पाठवताना कस्टम्सच्या फॉर्मवर 4202 लिहू नका. तो चामड्या-कापडाच्या पिशव्यांचा क्रमांक आहे, लव्हाळ्याच्या विणकामाला 4602. आणि त्या प्लास्टिकमध्ये बांधू नका, ओल राहिली तर बुरशी येते. कागदात गुंडाळा.

परत आल्यावर पहिली ऑर्डर सहा वाडग्यांची होती. खोक्यात खोकं घालून पाठवले, सहाही धड पोचले.