मस्टरवर नाव कुणाचं?

महिन्याची दहा तारीख उलटली की आमच्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते. १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) चलनं गेली पाहिजेत. चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या लेबर कॉन्ट्रॅक्टरांचं हे काम आम्ही करतो. ते व्हॉट्सअॅपवर हजेरी पाठवतात. मी ती एक्सेलमध्ये चढवते, ओटी (ओव्हरटाइम) धरून पगार काढते, कपात काढते, फाइल पोर्टलवर टाकते. कारखान्याच्या गेटच्या आत मी क्वचितच गेले असेन. पण आत कोण किती राबतं आणि महिन्याअखेर त्याच्या हातात काय पडतं, ते सगळं माझ्या टेबलावरून जातं. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

हिंगोलीकडचा एक मुलगा आहे. आयटीआय झालेला, फिटर. दिवाळीच्या तोंडावर पीएफची चौकशी करायला ऑफिसात आला होता. मोबाइलवर त्याने आपली सर्व्हिस हिस्टरी उघडून दाखवली. एकच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आणि त्याखाली सहा वर्षांत पाच मालक. प्रत्यक्षात या सहाही वर्षांत तो एकाच कारखान्याच्या एकाच प्रेस शॉपमध्ये उभा आहे. ठरावीक महिने भरत आले की त्याच्या नावापुढे ‘डेट ऑफ एक्झिट’ पडते. आठ-दहा दिवसांच्या या ‘ब्रेक’मध्ये तो गावी जाऊन येतो, आणि तोच नंबर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या कोडखाली नवीन कामगार म्हणून रुजू होतो. दुसरा कॉन्ट्रॅक्टर बहुतेक वेळा पहिल्याचा मेहुणा असतो, नाहीतर बायकोच्या नावावर काढलेली फर्म. मालक असे बदलत राहिले की एका मालकाकडे पाच वर्षांची सलग नोकरी होत नाही, ग्रॅच्युइटी मागता येत नाही. आणि कायम करा म्हणून कोर्टात जायचं ठरवलं, तर आधी मालक कोण हेच सिद्ध करत बसावं लागतं.

मी विचारलं, कंपनीत युनियन नाही का?

“आहे की ताई. पर्मनंटवाल्यांची. त्यांचा करार झाला, पेढे आम्हालापण दिले.”

त्याच प्रेसवर शेजारी उभा असलेल्या पर्मनंट माणसाचा पगार याच्या तिप्पट आहे. काम तेच, पार्ट तोच, टार्गेट तेच. कॅन्टीनच्या कुपनाचा रंग तेवढा वेगळा.

हे एका मुलाचं दुर्दैव असतं तर त्यावर पोस्ट लिहिली नसती. सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीत गेल्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांतल्या दर शंभर कामगारांत सुमारे २० कंत्राटी होते. २०२२-२३ च्या पाहणीत ते ४० च्या वर गेले. चाकणच्या कुठल्याही बस स्टॉपवर सकाळी सहाला उभं राहिलं तर हा आकडाही कमी वाटेल.

माझे बाबा बदली होते. आता ‘बदली’ म्हटलं की लोकांना ट्रान्सफर वाटते. गिरणगावात बदली म्हणजे मस्टरवर (हजेरीपटावर) कायमचं नाव नसलेला कामगार. पहिल्या पाळीला गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी खाडा केला असेल तर त्याच्या साच्यावर (मागावर) काम मिळायचं, नाहीतर आल्या पावली परत. डिलाईल रोडवरच्या एका गिरणीत बाबांनी कितीतरी वर्षं असं गेटवर उभं राहून काढली. भोंगा झाल्यावर दहा मिनिटांत ते खोलीवर परतले तर आई काही विचारायची नाही, चहा टाकायची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आज त्या संपाबद्दल बोलताना लोक ‘अवाच्या सवा पगारवाढ मागितली आणि गिरण्या बुडवल्या’ एवढंच बोलतात. मला याचा मनापासून राग येतो. पगारवाढ मागितली होतीच, का मागू नये? पण बदली पद्धत बंद करा आणि बीआयआर कायदा रद्द करा, याही मागण्या होत्या. त्या कुणाला आठवत नाहीत.

बीआयआर म्हणजे बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अॅक्ट, १९४६. या कायद्याप्रमाणे एका भागात एका धंद्यात एकच युनियन प्रातिनिधिक ठरायची आणि बोलणी फक्त तिच्याशी व्हायची. मुंबईच्या गिरण्यांत तो मान काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. अडीच लाख माणसं सामंतांच्या मागे उभी होती, तरी कायद्याच्या लेखी ती कुणीच नव्हती. दिल्लीत काँग्रेस, मुंबईत काँग्रेस, आणि दोन्हीकडचं उत्तर एकच: संप बेकायदा आहे, सामंतांशी बोलता येणार नाही. महिन्यामागून महिने गेले, भांडी विकली गेली, माणसं गावाकडे गेली. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. आमच्या घरात आईची खाणावळ होती म्हणून आम्ही तगलो. बाबा काही काळ संगमेश्वरकडे भातशेती करून आले आणि मग भिवंडीत पॉवरलूमवर लागले. बारा तासांची पाळी. पीएफ नाही, रजा नाही, युनियन तर नाहीच.

बीआयआरची मुळंही आधीच्या एका कायद्यात आहेत. १९३८ साली मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. संपाआधी तडजोडीची लांबलचक वाट बंधनकारक, आणि ती न चालता संप केला तर तुरुंग. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांवर तुटून पडणारे, या विधेयकाविरुद्ध एकत्र आले. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांनी मुंबईत एक दिवसाचा संप केला. संप केला म्हणून कामगाराला शिक्षा देणं म्हणजे त्याला गुलाम करणं, अशी बाबासाहेबांची मांडणी होती. विधेयक तरीही मंजूर झालं.

आता त्या मांडणीच्या उजेडात आजचा कायदा वाचून बघा. सप्टेंबर २०२० मध्ये विरोधकांनी बहिष्कार घातलेला असताना संसदेत औद्योगिक संबंध संहिता मंजूर झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती इतर तीन कामगार संहितांसोबत लागू झाली. पूर्वी केंद्राच्या कायद्यात संपाआधी नोटीस देण्याची सक्ती सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. आता प्रत्येक कारखान्यात १४ दिवसांची नोटीस हवी. त्या १४ दिवसांत सलोख्याची बोलणी लावली की ती चालू असेपर्यंत संप करता येत नाही, पुढचे सात दिवसही नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जाईल. बेकायदा संपाला १ हजार ते १० हजार रुपये दंड, किंवा महिन्यापर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. आणि ३०० पेक्षा कमी कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही. ही मर्यादा आधी १०० होती.

कारखान्यात एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन बोलणी करणार. ऐकायला रास्त वाटतं. पण मस्टर कुणाचं? हिंगोलीच्या त्या मुलाचं नाव कॉन्ट्रॅक्टरच्या मस्टरवर आहे. समजा, कारखान्यात २०० पर्मनंट आणि ७०० कंत्राटी आहेत. तिथला पगार, पाळ्या, टार्गेट ठरवताना ७०० जणांचं मत मोजलंच जात नाही. त्यांनी आपली युनियन काढली तर बोलायचं कॉन्ट्रॅक्टरशी, आणि त्याचं उत्तर मला पाठ आहे: “कंपनी रेट वाढवून देत नाही, मी कुठून देऊ?” त्यात कंत्राटी कामगारांचा कायदा आता ५० माणसांपासून पुढे लागतो, पूर्वी तो २० पासून लागायचा. महाराष्ट्राने हा बदल केंद्राच्या आधीच करून ठेवला होता. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी हजेऱ्यांत नेमकी ४६-४८ नावं का असतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

या संहितांत चांगलं काही नाही असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालंय. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. पण मुदत संपल्यावर ज्याची नोकरी आपोआप जाते, तो युनियनचा फॉर्म भरायला धजेल का? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. ओटीला कामगाराची लेखी संमती लागेल म्हणतात. ब्रेकच्या भीतीत जगणारा माणूस ‘माझी संमती नाही’ असं लिहून देईल?

विषमतेवर भाषणं पुष्कळ होतात, या गोष्टी तिथे कुणी काढत नाही. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांच्या हिशेबात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे बाबा गेटवर उभे राहायचे त्या काळात, देशाच्या उत्पन्नातला सुमारे ६ टक्के वाटा सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे जात होता. २०२२-२३ मध्ये तो २२ टक्क्यांच्या पुढे गेला. युनियन मोडणं हे याचं एकमेव कारण नाही, करांची धोरणं आहेत, खासगीकरण आहे. पण २०२४-२५ चा केंद्राचा आर्थिक पाहणी अहवालच सांगतो की मोठ्या कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला आणि पगार मागे राहिले. नफा आपोआप पगारात उतरत नाही. बोलणीच्या टेबलावर बसून तो मागावा लागतो, आणि त्या टेबलाजवळची खुर्ची कायद्यानेच काढून घेतली आहे.

डिलाईल रोडला गेले की मी मुद्दाम लोअर परळपर्यंत चालते. जुन्या गिरण्यांच्या आवारात मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली, म्हणजे चिमूटभर. कामगारांच्या घरांसाठी दीड लाखावर अर्ज पडलेत, आणि त्यांना घरं दाखवतात मुंबईबाहेर, लांब शेलू-वांगणीला.

कंत्राटी कामगारांचं मत मुख्य कारखान्याच्या मान्यताप्राप्त युनियनच्या निवडीत धरा, एवढी एक दुरुस्ती जरी झाली तरी चाकणचं चित्र बदलेल. पर्मनंटच्या युनियनांनीही आपली दारं उघडली पाहिजेत. कंत्राटी पोरांचे प्रश्न आपल्या मागणीपत्रात घेणाऱ्या युनियन पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत, थोड्या आहेत.

कुणी कंत्राटी भाऊ-बहीण हे वाचत असेल तर गेटपासचे, हजेरी कार्डाचे आणि कंपनीचं नाव असलेल्या सेफ्टी ट्रेनिंगच्या कागदाचे फोटो काढून घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा. पगार खात्यात घ्या, रोखीत नको. नियुक्तिपत्र लेखी मागा. पीएफच्या पोर्टलवर जाऊन सर्व्हिस हिस्टरीचा स्क्रीनशॉट दर ब्रेकनंतर काढा. मालक एकच होता हे दाखवायची वेळ आली तर हेच कागद लागतात. हिंगोलीच्या मुलाने हे सगळं आता एका फोल्डरमध्ये लावलंय आणि त्याच्या शॉपमधले आणखी अकरा जण ते करतायत.