किल्लारीचा ढिगारा आणि आजीचा विठोबा

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं मराठवाड्यातली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. हजारो माणसं गेली.

‘देवानं असं का केलं?’ हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. हा आरोप मला पटत नाही. जीव घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, ओझ्यानं. जमिनीला पाप-पुण्य कळत नाही.

माणसाला कळतं, म्हणून माझा प्रश्न माणसाबद्दल आहे. आजीचं माहेर त्याच पट्ट्यातलं. ती सांगायची, कुणी नुसत्या हातांनी माती उकरून परक्याचं लेकरू बाहेर काढत होतं, तर कुणी मेलेल्या बाईच्या अंगावरचं सोनं ओरबाडत होतं. आदल्या दिवशी दोघांनीही ‘मोरया’ म्हटलंच असेल. मग श्रद्धेनं एकाला आवरलं आणि दुसऱ्याला का नाही?

माहेरची माणसं गमावूनही आजीनं पंढरीची वारी सोडली नाही. मी एकदा चिडून विचारलं, “तुझा विठोबा तवा कुठं होता?”

“उकरणाऱ्याच्या हातात व्हता की, बाळा.”

ओरबाडणाऱ्याच्या हातात कोण होतं, हे तिनं सांगितलं नाही. मला ते अजून छळतं.