ओचानोमिझूच्या उतारावर

टोकियोतल्या सेन्सोजी, शिबुया आणि स्कायट्रीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी थेट ओचानोमिझूवर येतो. स्टेशनाबाहेर पडून मेइदाई-दोरीचा उतार धरला की गिटारचीच दुकानं. आत भिंती छतापर्यंत भरलेल्या आणि वाट इतकी चिंचोळी की पाठीवरची सॅक पोटावर घ्यावी लागते.

एका दुकानात वरच्या मजल्यावर ती दिसली. साठच्या दशकातली टेइस्को, जपानी कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, चार पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग), प्रत्येक पिकअपला वेगळं बटण. विक्रेत्याने ती उतरवली, पुसली, सुरात लावली. मग माझ्या पट्ट्याच्या बकलकडे बघत मऊ फडकं पुढे केलं आणि ते मांडीवर नीट पसरल्यावरच दोन्ही हातांनी गिटार दिली. ट्रेमोलो, म्हणजे सूर वर-खाली हलवणारा दांडा, एकदाच दाबला, तर सहाही तारा बेसूर! गडी ना हसला, ना वैतागला. पुन्हा लावून दिली.

एवढे लाड कुणाचे, तर एकेकाळच्या स्वस्तातल्या मालाचे. टेइस्को सुरू झाली १९४६ साली. १९६५मध्ये व्हेंचर्स हा अमेरिकन बँड जपानभर वाजवत फिरला आणि तिथली पोरं 'एलेकी'च्या, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या, नादी लागली. त्याच दशकात अमेरिकेत सिअर्स ही दुकानांची साखळी चालवणारे याच गिटार सिल्व्हरटोन नावाने विकत होते. १९६७ला टेइस्को कंपनी पियानोवाल्या कावाईच्या ताब्यात गेली. पुढे अमेरिकन गिटारवादक राय कूडरने टेइस्कोचा 'गोल्ड फॉइल' पिकअप आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला बसवला. आज नुसत्या त्या पिकअपलाही गिऱ्हाईक आहे. किमतीची चिठ्ठी पाहून मी फडक्यासकट गिटार परत केली. घासाघीस करायची सोय नाही, तो इथला रिवाजच नाही.

मात्सुमोतोलाही जाऊन आलो. लोक तिथे किल्ल्यासाठी जातात. माझ्या लेखी ते मात्सुमोकू या गिटार बनवणाऱ्या कारखान्याचं गाव. आधी सिंगर शिलाई मशीनची लाकडी कपाटं, मग आरिया प्रो टू आणि वेस्टोनच्या गिटार. कारखाना १९८७ला बंद पडला. वाजवायलाच घेणार असाल तर याच घ्या, टेइस्को भिंतीवरच शोभते.

खरा वैताग ओचानोमिझूलाच, शेवटच्या दुकानात. एक पर्यटक मैत्रिणीला मोठ्या आवाजात सांगत होता, ही 'लॉसूट', म्हणजे खटल्यातली, गिटार, अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने कोर्टात खेचलेली. हातात होती ग्रेको, एक जपानी गिटार. अहो, १९७७चा तो दावा गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, लावला तो एल्गरवर, म्हणजे इबानेझ गिटारवाल्या होशिनो या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेवर. भांडण होतं हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाच्या, आकाराचं, तेही आपसात मिटलं, आणि इबानेझने तो आकार आधीच बदलला होता. ग्रेकोचा त्यात संबंधच नाही! तरी सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल दिसली की हा शब्द चिकटवायचा आणि भाव चढवायचा. मी तोंड उघडेपर्यंत साहेब काउंटरवर कार्ड पुढे करत होते.