एका नॉबचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि परत केला

मागच्या पावसाळ्यात जुना अ‍ॅम्प्लिफायर गेला, म्हणून नवा बघायला लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने दोन काढले. एकाला बेस-ट्रेबलचे नॉब, म्हणजे खालचे आणि वरचे सूर कमीजास्त करणारे टोन कंट्रोल; दुसऱ्याच्या तोंडावर आवाजाचा एकच गुबगुबीत नॉब. "साहेब, टोन कंट्रोल म्हणजे सिग्नलच्या वाटेत अडथळा. शुद्ध आवाज पाहिजे ना?" शुद्ध म्हटलं की आपण तुपापासून फसत आलोय. मीही फसलो. दुकानात तो झकास वाजला. तिथे आवाज किती मोठा होता, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

गिरगावातली आमची खोली दहा बाय बारा. रात्री मुलगी अभ्यासाला बसलेली, तेव्हा आवाज बेताचाच. तेवढ्या आवाजात तबल्याचा डग्गा गायब, नुसती चाटेची टिकटिक. ही कानाचीच खोड: आवाज लहान केला की खर्ज आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. मोबाइलवरून लावलेल्या बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या तर सोसवेनात. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं १९२५ साली. त्याआधी भोंग्यापुढे गायचं, खर्ज मुळातच जेमतेम, वर खरखर. आई आतून म्हणाली, "अरे, भजी तळतोयस का?"

आठवड्याने तो परत घेऊन गेलो. दुकानदार कुरकुरला, पण वर दीड हजार घेऊन दुसरा दिला.

ट्रेबल मधल्या खुणेपासून जरा डावीकडे नेला आणि तळण थांबलं. बेस किंचित उजवीकडे, डग्गा हजर. नॉब पार टोकाला न्यायचा नाही, एवढं मात्र शिकलो: दहा डेसिबल वाढवले की त्या खालच्या पट्ट्यात दहापट पॉवर लागते. याला टोन बाजूला काढणारं 'डायरेक्ट' बटणही आहे. दोन्ही नॉब मधोमध ठेवून मुलीला माझ्या पाठीमागे ते बटण दाबायला लावलं. दहातले पाच ओळखले, म्हणजे नुसता अंदाजच. तो अडथळा काही मला सापडला नाही.

पण बेस वाढवल्यावर बेस गिटारचा एखादाच स्वर खोलीभर घुमायचा. नॉब कितीही फिरवा, एक तर डग्गाही जायचा, नाहीतर तो स्वरही राहायचा. बारा फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झला, म्हणजे अशाच एका खालच्या स्वराला, आवाज साचतो, आणि बेसचा नॉब खालचं सगळंच एकदम वरखाली करतो. तेवढा एक स्वर वेचून काढणं त्याला जमत नाही. माझे स्पीकर तर कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. हातभर पुढे ओढले तेव्हा कुठे घुमणं आटोक्यात आलं.

आता ते येता-जाता पायात येतात. हिने फरशीवर पेन्सिलने खुणा करून दिल्यात. केर काढून झाला की स्पीकर उचलून बरोबर खुणेवर ठेवायचे, हे काम माझ्याकडे.