मिनच्या काठावर, जिथे धरण नाही

चीनमधल्या दुज्यांगयान या प्राचीन पाटबंधारे योजनेला धरण नाही, हे ठाऊक होतं. तरी डोळे भिंतच शोधत होते. चेंगदूहून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासात पोचलो, काठावर आलो, तर समोर नुसती नदी. हिरवट, थंडगार, उसळत जाणारी मिन. इसवी सनपूर्व 256 च्या सुमारास छिन राज्याचा इथला सुभेदार ली बिंग याने हिला अडवलं नाही, हिची वाटणी केली. सव्वादोन हजार वर्षांनंतरही चेंगदूच्या मैदानातली लाखो एकर शेती त्याच वाटणीवर भिजते.

माझं लहानपण धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या फड बंधाऱ्यांच्या, म्हणजे नदीचं पाणी पाटाने शेतांकडे वळवणाऱ्या बुटक्या बंधाऱ्यांच्या पाण्यावर गेलं. त्यामुळे अनलान झुलत्या पुलावर जाऊन उभा राहिलो तो तासभर हललोच नाही. या पुलाचे दोर पूर्वी बांबूचे असत, आता पोलादी आहेत. वरच्या अंगाला नदीच्या मधोमध निमुळतं टोक दिसतं, त्याला ‘माशाचं तोंड’ म्हणतात. तिथे मिन दोन धारांत फुटते. शेताकडची आतली धार अरुंद आणि खोल, बाहेरची रुंद आणि उथळ. पाणी कमी असलं की ते खोलगट पात्र धरतं आणि दहातले सहा हिस्से शेताकडे जातात. पूर आला की पाणी रुंद पात्रात पसरतं आणि हिशेब उलटा होतो. बाहेरच्या धारेला दरवाजे बसले ते 1974 मध्ये. तोवर ही वाटणी नदीच करत होती. शिवाय जागा निवडलीय ती वळणावरची. वळणावर वरचं निवळ पाणी आतल्या धारेला लागतं, तळाचा गाळ आणि गोटे बहुतेक बाहेर जातात. गाळाने भरलेला पाट ज्याने उपसलाय, त्यालाच ही निवड किती मोलाची ते कळेल.

आज ते टोक काँक्रीटचं आहे. पूर्वी ते बांबूच्या पिंजऱ्यांचं असे. तसा एक पिंजरा मांडून ठेवलाय, मी त्यावरून हात फिरवला. फाडलेल्या बांबूच्या पट्ट्या, हाताच्या पंजाएवढी भोकं, लांबलचक नळकांड्यासारखा आकार आणि आत ठासून भरलेले नदीतलेच गोल गोटे. पाणी फटींतून निघून जातं, म्हणून धक्का मोडतो. खालचा तळ खचला तर पिंजराही त्याच्याबरोबर बसतो, फुटत नाही.

पण बांबू कुजतो, म्हणून तेव्हा काम दरवर्षीचं असे. हिवाळ्यात लाकडी तिवया रोवून धार अडवायची, तळ उपसायचा, पिंजरे बदलायचे आणि एप्रिलच्या सुरुवातीला, छिंगमिंग या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या सुमारास, तिवया ओढून पाणी सोडायचं. किती खोल उपसायचं? तळात लोखंडी दांडे पुरून ठेवलेत, ते उघडे पडेपर्यंत. काठावरच्या डोंगरातल्या देवळात सहा चिनी अक्षरं कोरली आहेत: तळ खोल उपसा, सांडवा (जादा पाणी बाहेर सोडणारा बांध) ठेंगणा ठेवा. वाचून आजोबा आठवले. आमचा बंधारा कुणी बांधला हे त्यांना सांगता येत नसे, पण पाट उपसायला कोण आलं नव्हतं हे तोंडपाठ होतं. 2008 च्या भूकंपात इथल्या देवळाची मोठी पडझड झाली, माशाच्या तोंडाला तडे गेले, पण पाणी वाहतच राहिलं. मला वाटतं ली बिंगइतकंच श्रेय त्या निनावी उपसणाऱ्यांचं आहे.

संध्याकाळी खाली ‘बाटलीच्या गळ्या’शी आलो. आतली धार शेताकडे नेण्यासाठी डोंगराची सोंड फोडून काढलेली सुमारे 20 मीटर रुंदीची खिंड. बारुदाचा शोध चीनमध्येच लागला, पण तो यानंतर हजारएक वर्षांनी. तेव्हा इथे खडकावर जाळ करायचा, तापला की गार पाणी ओतायचं आणि तडकलेले कपचे काढायचे. आठ वर्षं लागली, असं सांगतात.

शेजारच्या देवळात ली बिंगचा दगडी पुतळा आहे, जवळजवळ तीन मीटर उंच. 1974 मध्ये बाहेरच्या धारेच्या दरवाजांचं काम चालू असताना तो नदीच्या तळात सापडला. त्यावरचा लेख इसवी सन 168 चा आहे. नदीत अशी दगडी माणसं उभी करत, असं जुन्या नोंदी सांगतात: पाणी पायांखाली जाऊ नये आणि खांद्यांवर येऊ नये. या पुतळ्याचे हात छातीशी जुळलेले आहेत. चेहरा पाण्याने झिजलाय. मी समोर उभा होतो, आणि मागे खिंडीत घुसणाऱ्या मिनचा आवाज भिंतींतून येत होता.